विजेची पाणपोई

प्रवासाचें साधन बदललें म्हणजे वाटेवरील विसाव्याचीं ठिकाणेंहि बदलावीं लागतात. ही गोष्ट उघड आहे. पण ती वेळेवर लक्षांत येतेच असें नाहीं. बैल व घोडे हे जेव्हां गाड्या ओढीत, तेव्हां वाटेवर विहीर, हौद व धर्मशाळा यांची सोय आधीं पाहिली जात असे. मुंबईंत १८७४ सालीं घोड्यांची ट्राम सुरू झाली, आणि त्याच सुमारास तेथील दानशूर गृहस्थांनीं शहरांत जागोजागीं पाणपोया बांधल्या. मशीद बंदराजवळील केशवजी नाईक यांच्या नांवाची १८७६ सालची दगडी पाणपोई आजहि उभी आहे. त्या काळच्या अशा पाणपोयांवर माणसासाठीं पिण्याचें पाणी व जनावरासाठीं हौद अशी दुहेरी व्यवस्था असे. ती बांधणाऱ्यानें आपल्या बंगल्याच्या आवारांत बांधली नाहीं. ओझ्यानें थकलेला हमाल आणि त्याचा बैल जेथें थांबत, तेथें, भर बाजारांत, बांधली.

पुढें मोटार आली, आणि प्रारंभीं तिला पाणपोईच नव्हती. जर्मनींत १८८८ सालीं बर्था बेंझ ही बाई पतीनें बनविलेल्या मोटारगाडींतून आपल्या दोन मुलांसह मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली. वाटेंत इंधन संपत आलें. पेट्रोलपंप ही वस्तु तेव्हां जगांत नव्हती. व्हीसलोख गांवीं एका औषधाच्या दुकानांत तिला डाग काढण्याच्या कामीं येणारा द्राव मिळाला. तोच तिनें गाडींत घातला व प्रवास पुरा केला. धाडसी प्रवाशाचें काम औषधाच्या दुकानावर भागतें. परंतु रोज कामावर जाणाऱ्या सामान्य माणसाचें तसें भागत नाहीं. त्याला ठराविक ठिकाणीं, ठराविक भावानें व खात्रीनें मिळणारी सोय हवी असते.

आज विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बाबतींत आपण पुन्हां त्याच वळणावर उभे आहों. दुचाक्या, रिक्षा, मोटारी व एस.टी. च्या कांहीं गाड्याहि विजेवर धांवूं लागल्या आहेत. गाडी आली, तिची पाणपोई मात्र अजून पुरती आलेली नाहीं. ती उभारण्याचें काम सरकारनें व व्यापाऱ्यांनीं हातीं घेतलें आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु ती कोणासाठीं, कोठें व कशी उभारावी याचा जितका विचार व्हावयास पाहिजे तितका होत नाहीं, असें प्रस्तुत लेखकास वाटतें. आणि तोच विचार वाचकांपुढें थोडक्यांत मांडावयाचा आहे.

प्रथम आजवर काय झालें तें पाहूं. २०१८ सालीं केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयानें, चार्जिंग स्टेशन चालविण्यास वीजविक्रीचा वेगळा परवाना लागणार नाहीं, असें स्पष्ट केलें. त्यामुळें कोणाहि उद्योगी माणसास हा धंदा मोकळा झाला. २०२४ च्या फेब्रुवारींत देशांत १२,१४६ सार्वजनिक चार्जिंग स्टेशनें चालू होतीं व त्यांपैकीं ३,०७९ महाराष्ट्रांत होतीं. त्याच वर्षाच्या अखेरीस देशाचा आंकडा पंचवीस हजारांपलीकडे गेला. २०२४ च्या सप्टेंबरांत निघालेल्या केंद्राच्या नियमावलींत असें ध्येय ठरविलें आहे कीं, २०३० पर्यंत शहरांतील प्रत्येक एक किलोमीटर लांब व एक किलोमीटर रुंद चौकोनांत एक, आणि महामार्गांवर दोन्ही बाजूंस दर २० किलोमीटरांवर एक, अशीं स्टेशनें असावींत. त्याच वर्षीं जाहीर झालेल्या पी.एम. ई-ड्राइव्ह योजनेंतील १०,९०० कोटी रुपयांपैकीं २,००० कोटी केवळ चार्जिंगच्या सोयीसाठीं राखून ठेवण्यांत आले. तेव्हां पैसा नाहीं किंवा इच्छा नाहीं, असें म्हणण्यास जागा राहिलेली नाहीं. प्रश्न आहे तो दिशेचा.

विजेचीं वाहनें विकत घेणारे लोक कोण, याचा हिशेब केला तर ही दिशा आपोआप दिसूं लागते. २०२४-२५ या आर्थिक वर्षांत आपल्या देशांत विजेच्या दुचाक्या सुमारें ११ लाख ५० हजार विकल्या गेल्या. विजेच्या मोटारी सुमारें १ लाख. दुचाक्यांच्या खालोखाल संख्या आहे ती तीनचाकी रिक्षांची. म्हणजे विजेचें वाहन हें आपल्याकडे मुख्यतः कारकुनाचें, शिक्षकाचें, घरोघर पार्सलें पोंचविणाऱ्या पोराचें व रिक्षावाल्याचें वाहन आहे. असें असतां सार्वजनिक चार्जिंगविषयीं आपल्या बोलण्यांत येतात तीं बहुधा महामार्गावरील भव्य स्टेशनें, आणि वर्तमानपत्रांत छायाचित्रें येतात तींहि त्यांचींच.

आतां दुसरा प्रश्न असा कीं, सार्वजनिक सोय लागते कोणाला? ज्याचें स्वतःचें घर आहे, घरापुढें गाडी लावण्यास जागा आहे व भिंतीवर स्वतःचा मीटर आहे, त्याची गाडी रात्रीं अंगणांतच पोटभर वीज घेते. त्याला रस्त्यावरील स्टेशन लागतें तें वर्षांतून पांच-दहा वेळां, परगांवीं जातांना. परंतु जो चाळींत राहतो, जुन्या वाड्यांत भाड्यानें राहतो, किंवा ज्याची गाडी रात्रभर रस्त्याच्या कडेला उभी असते, त्याला हीच सोय रोज लागते. आमच्या परिचयाचे एक शिक्षकबंधु दुसऱ्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. पेट्रोलचा खर्च वाचावा म्हणून त्यांनीं कर्ज काढून विजेची दुचाकी घेतली. घरमालकानें खालीं मीटर बसविण्यास संमति दिली नाहीं. खिडकींतून तार खालीं सोडावी तर पावसाळ्यांत जीवास धोका, आणि शेजाऱ्यांची कुरकुर निराळीच. शेवटीं ते दर दोन दिवसांनीं गांवाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या मेव्हण्यांच्या घरीं जाऊन गाडी चार्ज करून आणतात. ज्या गाडीनें वेळ व पैसा वांचावयाचा, ती अशा रीतीनें त्यांची संध्याकाळ खाऊन टाकते. अशा माणसानें उद्यां ही गाडी विकून पुन्हां पेट्रोलची घेतली, तर त्याला दोष कोण देणार?

येथें एक साधा हिशेब विद्यार्थ्यांनीं करून पाहावा. दुचाकीची बॅटरी साधारण ३ युनिट वीज सांठविते, आणि तेवढ्या विजेवर ती ७०-८० किलोमीटर सहज जाते. ती भरण्यासाठीं लागणारा साधा चार्जर विजेच्या इस्त्रीइतकी, म्हणजे सुमारें ७५० वॉट, शक्ति ओढतो व चार-पांच तासांत काम पुरें करतो. याच्या उलट मोटारींसाठीं महामार्गावर जें जलद चार्जिंगचें यंत्र बसवितात, तें ५० किलोवॉटचें असलें तर एकाच वेळीं साठांहून अधिक इस्त्र्यांचा भार घेतें. त्याला वेगळा ट्रान्सफॉर्मर, जाड केबल व मोठी जागा लागते. प्रवासाच्या वाटेवर तें अवश्य हवें, कारण वाटसरूला चार तास थांबणें परवडत नाहीं. परंतु एका मोटारीसाठीं लागणाऱ्या तेवढ्याच भारावर साठ दुचाक्या रात्रभर स्वस्थपणें चार्ज होऊं शकतात, हेंहि विसरूं नये. गरीबाची सोय ही महागडी सोय नाहीं. ती संथ आणि स्वस्त सोय आहे. तिला शोभा नाहीं, म्हणूनच ती मागें पडते.

ही सोय होऊं शकते याचा दाखला आपल्याच देशांत आहे. केरळ राज्याच्या वीजमंडळानें २०२१ सालीं कोळिकोड शहरांत रस्त्यावरील विजेच्या खांबांवरच लहान चार्जिंगच्या पेट्या बसवून पाहिल्या. हेतु हा कीं, रिक्षावाला आपल्या थांब्याजवळच वीज घेऊं शकावा. पुढें ही योजना राज्यभर नेण्यांत आली व अशा पेट्यांची संख्या हजारावर गेली. खांब आधींच उभा, वीज आधींच आलेली. नवी जमीन घ्यावयास नको, नवी इमारत बांधावयास नको. लंडन शहरांतहि, जेथें पुष्कळ घरांना गाडी ठेवण्याचें आवार नाहीं, तेथें रस्त्यावरील दिव्याच्या खांबांनाच चार्जिंगची जोडणी दिलेली आहे; वेस्टमिन्स्टर भागांतील सदरलँड ॲव्हेन्यू या रस्त्यावर २०२० सालीं असे २४ खांब सज्ज करण्यांत आले. श्रीमंत लंडनला जी युक्ति कमीपणाची वाटली नाहीं, ती आपल्या पुण्याला, सोलापूरला किंवा नगरला कां वाटावी?

केंद्राच्या नियमावलींतील एक किलोमीटरचा चौकोन हें ध्येय उत्तम आहे. परंतु नकाशावर चौकोन भरणें व माणसाची गरज भागणें यांत अंतर पडूं शकतें. चौकोनांतील एकमेव स्टेशन एखाद्या मोठ्या दुकानसंकुलाच्या तळघरांत असलें, रात्रीं दहाला त्याचें दार बंद होत असलें, आणि आंत शिरण्यास वाहनतळाचें वेगळें भाडें पडत असलें, तर कागदावर तो चौकोन भरलेला दिसेल. पण पलीकडच्या चाळींतील माणसाला त्याचा काडीचाहि उपयोग नाहीं. यास्तव चौकोन मोजतांना त्यांत स्वतःची जागा नसलेलीं कुटुंबें किती, रिक्षाचे थांबे किती, आणि रात्रीं रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्या किती, हें आधीं मोजावें व पहिल्या जोडण्या तेथें द्याव्या.

जागेइतकाच महत्त्वाचा मुद्दा निगेचा. पाणपोई बांधणें हें एका दिवसाचें पुण्य आहे. तिच्यांत रोज पाणी भरणें हें वर्षभराचें काम आहे, आणि दुसऱ्यावांचून पहिलें व्यर्थ आहे. चार्जिंग स्टेशनाचें तसेंच. उद्घाटनाची फीत कापली जाते, आंकड्यांत एकाची भर पडते. पुढें यंत्राचा पडदा बंद पडला, केबल तुटली किंवा जोडणीच्या जागेवर पेट्रोलची मोटार लावून कोणी निघून गेलें, तरी आंकड्यांतून तें स्टेशन वजा होत नाहीं. बॅटरींत दहा टक्के वीज उरली असतां अशा बंद यंत्रापुढें उभा राहिलेला माणूस पुन्हां त्या आंकड्यांवर विश्वास ठेवणार नाहीं, आणि आपला अनुभव दहा जणांना सांगेल. या बाबतींत ब्रिटननें २०२३ सालीं केलेले नियम पाहण्यासारखे आहेत. जलद चार्जिंग पुरविणाऱ्या प्रत्येक कंपनीचीं यंत्रें वर्षाच्या सरासरीनें ९९ टक्के वेळ चालू असलीं पाहिजेत. भाव दर युनिटास किती पेन्स हें स्पष्ट दाखविलें पाहिजे. आणि मदतीसाठीं चोवीस तास चालणारा विनामूल्य दूरध्वनि असला पाहिजे, असें तेथें कायद्यानें ठरविलें आहे. आपल्याकडेहि सरकारी मदत स्टेशन उघडल्याबद्दल न देतां, तें वर्षभर चालू ठेवल्याबद्दल हप्त्याहप्त्यानें द्यावी, म्हणजे पुष्कळ गोष्टी आपोआप सुधारतील.

पैसे देण्याच्या रीतीविषयींहि दोन शब्द लिहिले पाहिजेत. आज निरनिराळ्या कंपन्यांच्या स्टेशनांसाठीं निरनिराळीं ॲपें घ्यावीं लागतात, व कित्येकांत आधीं पैसे भरून ठेवावे लागतात. रस्त्यावर भाजी विकणाऱ्या बाईच्या पाटीजवळ यू.पी.आय. चें चित्र असतें व कोणत्याहि बँकेचा माणूस तिला क्षणांत पैसे देतो. त्या बाईला जें साधलें, तें या यंत्रांच्या मालकांना साधूं नये हें आश्चर्य होय. जोडणीच्या पिनेचेंहि असेंच. पूर्वीं कुर्डुवाडीस बार्शी लाईट रेल्वेच्या लहान रुळांवरून मोठ्या रुळांच्या गाडींत जातांना सारें सामान उतरवून पुन्हां चढवावें लागे. रुंदी एक नसली म्हणजे काय हाल होतात हें त्या काळच्या प्रवाशांना पुरतें ठाऊक होतें. २०२३ सालीं भारतीय मानक ब्यूरोनें हलक्या वाहनांच्या जोडणीसाठीं एक देशी मानक मान्य केलें आहे. मानक छापलें जाणें ही पहिली पायरी. सर्व कारखानदारांनीं तें पत्करणें ही दुसरी. ती चढल्यावांचून रस्त्यावरची जोडणी सर्वांची होणार नाहीं.

यावर जे आक्षेप घेतले जातात त्यांतील दोन विचारांत घेण्याजोगे आहेत. पहिला असा कीं, हा व्यापार आहे, तो व्यापाऱ्यांवर सोपवावा. जेथें गिऱ्हाईक असेल तेथें दुकान आपोआप निघेल. महामार्गांच्या बाबतींत हें बव्हंशीं खरें आहे, आणि तेथें व्यापाऱ्यांना मोकळीक असावी. पण चाळीच्या तोंडाशीं रात्रभर तीन युनिट विकून फारसा नफा होत नाहीं. म्हणून तेथें दुकान आपोआप निघणार नाहीं. दुकान नाहीं म्हणून त्या वस्तींत विजेची गाडी कोणी घेत नाहीं, आणि गाडी कोणी घेत नाहीं म्हणून दुकान निघत नाहीं. हा फेरा तोडण्याचें काम नगरपालिकेचें आहे. नळाचें पाणी व रस्त्यावरचे दिवे यांच्या बाबतींत तिनें तें पूर्वीं केलेंच आहे. वीज फुकट द्यावी असें येथें सुचवावयाचें नाहीं. वापरलेल्या विजेचे पैसे प्रत्येकानें द्यावेतच. सार्वजनिक पैसा लागावा तो केवळ जोडणी उभारण्यास व ती जागती ठेवण्यास.

दुसरा आक्षेप असा कीं, आपल्या देशांतील निम्म्याहून अधिक वीज कोळशावर होते. मग धूर गाडींतून निघाला काय अन् विजेच्या कारखान्यांतून निघाला काय, सारखेंच. यांत तथ्यांश आहे. परंतु शाळेंत जाणारें मूल ज्या रस्त्यानें चालतें त्या रस्त्यावरचा धूर कमी झाला, ही गोष्ट लहान नव्हे. शिवाय दिवसां सूर्यापासून होणारी वीज वर्षोवर्ष वाढत आहे. म्हणूनच २०२४ च्या नियमावलींत, स्टेशनांना सकाळीं ९ ते दुपारीं ४ या वेळांत मिळणारी वीज पुरवठ्याच्या सरासरी खर्चाच्या ७० टक्के दरानें, व इतर वेळीं १३० टक्के दरानें द्यावी, असें सुचविलें आहे. हेतु चांगला आहे. पण याचा अर्थ असा होतो कीं, ज्याला रात्रीं घराजवळच चार्जिंग करणें भाग आहे त्यालाच ती वीज महाग पडेल. याला उपाय एकच: मनुष्य दिवसां जेथें काम करतो तेथेंहि जोडणी द्यावी. कचेरी, कारखाना, बाजारपेठ, एस.टी. चें स्थानक, दवाखाना आणि शाळा, या ठिकाणीं गाड्या दिवसभर उन्हांत नुसत्या उभ्या असतात. सूर्याची वेळ आणि शाळेची वेळ जवळजवळ एकच आहे, ही किती सोईची गोष्ट!

म्हणून आमच्या शाळांनीं या कामीं पुढाकार घ्यावा असें सुचवावेंसें वाटतें. एका शाळेंत शिक्षक, कारकून व शिपाई मिळून दहा-पंधरा दुचाक्या रोज येतात. त्यांच्यासाठीं मान्यताप्राप्त तारतंत्र्याकडून पक्क्या जोडण्या, वेगळा मीटर व वर पत्र्याची शेड एवढें केलें, तर खर्च फार येत नाहीं. शेडवर सूर्याच्या पट्ट्या बसविल्या तर विजेचा भारहि हलका होतो. शाळा सुटल्यावर त्याच जोडण्या शेजारच्या वस्तीला नाममात्र आकार घेऊन वापरूं द्याव्या. ज्या आवारांत मुलें पदार्थविज्ञान शिकतात, त्याच आवारांत व्होल्ट, ॲम्पिअर व युनिट यांचा जिवंत धडाहि त्यांस मिळेल. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं एवढें तरी करावें कीं, आपल्या पेठेंतील सार्वजनिक जोडण्या किती, त्यांतील चालू किती, आणि रात्रीं रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या दुचाक्या किती, याची यादी करून ती आपल्या नगरसेवकाकडे द्यावी. वहींत नोंदलेला आंकडा भाषणापेक्षां अधिक काम करतो.

कोणत्याहि सुधारणेचे दोन प्रकार संभवतात. एक अशी कीं, जिच्यानें पुढें असलेला आणखी पुढें जातो. दुसरी अशी कीं, जिच्यानें मागें राहिलेल्याला वाटेवर येतां येतें. विजेच्या गाडीनें देशाची हवा व पैसा वांचणार असेल, तर त्या लाभांत चाळींतला भाडेकरू व थांब्यावरचा रिक्षावाला यांचाहि वांटा असला पाहिजे. आणि तो वांटा त्यांस गाडीवरील सवलतीनें मिळावयाचा नाहीं, तर त्यांच्या वस्तींतील खांबावर बसविलेल्या, रात्रंदिवस चालू असलेल्या एका लहानशा पेटीनें मिळावयाचा आहे. येत्या कांहीं वर्षांत हजारों स्टेशनें उभारलीं जातील यांत शंका नाहीं. त्यांतील किती बंगल्यापुढें आणि किती बाजारांत, एवढाच प्रश्न आहे. आणि त्याचें उत्तर आपण आतां मागितलें पाहिजे, कारण खड्डे खणून केबली पुरल्यावर तें बदलणें फार महाग पडतें.